‘कदाचित’ म्हणणाऱ्यांचा इतिहास: विजेचा क्षणिक घाव आणि संमीलनाचे स्वप्न

१/
१९५८ च्या जानेवारीअखेर ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी कृत्रिम सूर्य जन्मास आल्याची वार्ता दिली. ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल येथील ‘झीटा’ नावाच्या यंत्रात जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन, म्हणजेच फ्यूजन, घडले असावे, असे तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले होते. समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार, अशी चर्चा जगभर सुरू झाली. चारच महिन्यांनी, मे १९५८ मध्ये, त्याच संस्थेने तो दावा मागे घेतला.

ही माघार विज्ञानाच्या इतिहासात बहुधा नामुष्की म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात या संपूर्ण क्षेत्राला तिच्याएवढे उपयोगी काहीच ठरले नाही. विजेच्या क्षणिक घावातून संमीलन साधू पाहणाऱ्या यंत्रांचा हा इतिहास आहे आणि त्याचे खरे नायक घोषणा करणारे नसून स्वतःची घोषणा तपासणारे आहेत.

२/
आधी संमीलनाविषयी थोडेसे. हलक्या मूलद्रव्यांची दोन अणुकेंद्रे एकत्र आली की ऊर्जा बाहेर पडते. सूर्य याच मार्गाने तेवतो. परंतु दोन्ही केंद्रे धनभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायचे तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. इतक्या तापमानाला वायूचे अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि केंद्रे सुटी होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात.

ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, यांच्या केंद्रांचे संमीलन झाले की जवळजवळ निम्म्या वेळा एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. म्हणून न्यूट्रॉन हा संमीलनाचा साक्षीदार मानला गेला. पुढची सगळी गोष्ट या साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा, याच प्रश्नाभोवती फिरते.

३/
प्लाझ्मा कोणत्याही भांड्यात मावत नाही. त्याला दाबून धरायचे कसे? या प्रश्नाच्या एका उत्तराचा धागा ऑस्ट्रेलियात सापडतो. न्यू साउथ वेल्समधील हार्टली व्हेल येथील रॉकेलच्या कारखान्यावर वीज कोसळली आणि वीजरोधक म्हणून बसवलेली तांब्याची पोकळ नळी चुरगळून गेली. सिडनी विद्यापीठातील पोलॉक आणि बॅराक्लो यांनी १९०५ मध्ये त्याचे कारण सांगितले. एकाच दिशेने वाहणारे विद्युतप्रवाह एकमेकांना खेचतात. प्रवाह प्रचंड असला की त्याचेच चुंबकीय क्षेत्र त्याच्या वाहकाला आत दाबते.

वायूतील प्रवाहही असाच आकसतो, हे १९३० च्या दशकात स्पष्ट झाले. त्याला ‘पिंच’, म्हणजे चिमटा, हे नाव मिळाले. प्लाझ्मा स्वतःच्याच प्रवाहाच्या चिमटीत दाबला जाईल, तापेल आणि संमीलन घडेल, ही कल्पना दिसायला फार सोपी होती.

४/
मात्र त्यासाठी लाखो अँपिअरचा प्रवाह हवा आणि तोही अत्यल्प काळात. येथे गोफणीचा दृष्टान्त उपयोगी पडतो. माळ्यावरचा राखणदार गोफण गरगर फिरवत तिच्यात वेग साठवतो आणि एका क्षणी दोरी सोडतो. श्रम सावकाश होतात, घाव मात्र निमिषात बसतो. पल्स्ड पॉवर यंत्रांचे तत्त्व हेच आहे. वीज सावकाश साठवायची आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात मोकळी करायची.

त्यातील पहिले महत्त्वाचे साधन १९२४ च्या सुमारास जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांनी दिले. अनेक कपॅसिटर समांतर जोडून भरायचे आणि ठिणगीच्या साहाय्याने क्षणात एकसर जोडून रिते करायचे. प्रत्येकाचा विद्युतदाब दुसऱ्यात मिळत जातो. उच्चदाब वाहिन्यांवरची साधने कृत्रिम विजेच्या झटक्यांनी तपासणे, एवढाच त्याचा मूळ उपयोग होता.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर पिंचचे प्रयोग अनेक देशांत गुप्तपणे सुरू झाले. १९४६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील जॉर्ज पॅजेट थॉमसन आणि मोझेस ब्लॅकमन यांनी संमीलन-यंत्राचे गुप्त पेटंट मागितले. ऑक्सफर्डमध्ये पीटर थोनमन काम करू लागले. अमेरिकेत लॉस अलामोस येथे जेम्स टक यांनी आपले यंत्र उभारले.

टक यांनी त्या यंत्राला दिलेले नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे: ‘परहॅप्सट्रॉन’. मराठीत सांगायचे तर ‘कदाचित-यंत्र’. यश मिळेलच असे नाही, ही कबुली त्यांनी नावातच देऊन टाकली. आणि खरोखरच प्लाझ्माचा स्तंभ काही मायक्रोसेकंदांत सापासारखा वळवळून विस्कटू लागला. चिमटा दाबत होता. पण दाबलेली वस्तू निसटत होती.

६/
त्याच काळातील एक उलट उदाहरण अर्जेंटिनाचे आहे. मार्च १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांनी जगाला सांगितले की रोनाल्ड रिख्टर या शास्त्रज्ञाने वेमुल बेटावर संमीलन साध्य केले आहे. त्या दाव्यामागे स्वतंत्रपणे तपासता येईल असे मोजमाप नव्हते. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्याच शास्त्रज्ञांनी चौकशी केली, दावा निराधार ठरला आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

इतिहासाची गंमत अशी की याच बातमीने अमेरिकेतील लायमन स्पिट्झर यांना संमीलनाचा विचार करायला लावले आणि त्यांच्याकडून वेगळ्या प्रकारचे, ‘स्टेलरेटर’ नावाचे यंत्र आकारास आले. पण त्याचे श्रेय खोट्या घोषणेला देता येत नाही. बातमी ऐकून स्पिट्झर यांनी कागदावर हिशेब मांडला, हे श्रेय हिशेबाचे आहे.

७/
१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्षस्थानी मुंबईचे डॉ. होमी भाभा होते. नियंत्रित संमीलनातून ऊर्जा मिळवण्याची पद्धत येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या काळी या विषयावरचे जवळजवळ सर्व संशोधन गुप्त होते. हा विषय जागतिक व्यासपीठावर उघडपणे मांडण्याचे धाडस भाभांनी दाखवले, हे त्यांचे मोठेपण.

भाकीत मात्र चुकले. वीस वर्षे लोटली आणि त्यानंतरची पन्नासही. भाभांविषयी आदर बाळगणाऱ्यांनी हे सांगायला संकोचण्याचे कारण नाही. स्वतः वैज्ञानिक असलेल्या माणसाला त्याचे भाकीत तपासून पाहणाऱ्याचा राग येत नसतो.

८/
आता एप्रिल १९५६. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ब्रिटनच्या दौऱ्यावर आले. त्यांच्यासोबत सोव्हिएत अणुबॉम्बचे जनक इगोर कुर्चातोव्ह होते. हार्वेलच्या सभागृहात त्यांनी असे व्याख्यान दिले की श्रोते थक्क झाले. ब्रिटन आणि अमेरिका ज्याला गुपित समजत होते, त्या पिंच प्रयोगांची माहिती ते मोकळेपणाने सांगत होते.

मॉस्कोत १९५२ मध्ये ड्युटेरियममधून लाखो अँपिअरचा प्रवाह सोडताच न्यूट्रॉन बाहेर पडले होते. आनंद साहजिक होता. पण लेव्ह आर्त्सिमोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला, तेव्हा हे न्यूट्रॉन उष्णतेतून आलेले नाहीत असे आढळले. कुर्चातोव्ह यांनी हार्वेलकरांना नेमका हाच इशारा दिला: न्यूट्रॉन दिसले म्हणून संमीलन साधले, असे समजू नका.

९/
यातील बारकावा समजून घेण्यासारखा आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे मराठीत म्हणतात. एक शीत शिजले असेल तर सारा भात शिजला असेल, हे त्यामागचे गृहीतक. पिंचमध्ये हे गृहीतकच फसते. प्लाझ्माचा स्तंभ वळवळून तुटू लागला की जागोजागी तीव्र विद्युतक्षेत्रे निर्माण होतात. त्यांच्या झोताने मूठभर केंद्रे सुसाट सुटतात आणि इतरांवर आदळतात. संमीलन घडते आणि न्यूट्रॉनही खरेच असतात. पण सारा वायू थंडच राहिलेला असतो.

अशा न्यूट्रॉनांच्या वाटेने वीजनिर्मिती कधीच साधणार नाही, कारण मूठभर केंद्रांना पळवण्यात खर्च होणारी ऊर्जा परत मिळत नाही. चार शिते शिजली, भात कच्चाच. कॅलिफोर्नियातील स्टर्लिंग कोलगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही आपल्या पिंचमध्ये हेच आढळले.

१०/
इशारा हार्वेललाच मिळाला होता, तरी चूक हार्वेलमध्येच झाली. झीटा हे त्या काळचे भव्य यंत्र होते. कंकणाकृती ॲल्युमिनियमची नळी, तिची आतली पोकळी सुमारे एक मीटर रुंद आणि तिच्यातून कपॅसिटरच्या साहाय्याने सोडलेला सुमारे दोन लाख अँपिअरचा प्रवाह. ऑगस्ट १९५७ मध्ये ते सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत न्यूट्रॉन दिसू लागले. तापमान पन्नास लाख अंश असावे, असा अंदाज निघाला.

बातमी बाहेर फुटली. वृत्तपत्रे अधीर झाली. अमेरिकेशी असलेल्या करारामुळे प्रकाशन लांबले आणि लांबल्यामुळे अपेक्षा आणखी वाढल्या. अखेर पत्रकारांनी खोदून विचारल्यावर हार्वेलचे संचालक सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हे न्यूट्रॉन खऱ्या संमीलनाचे असल्याची आपल्याला नव्वद टक्के खात्री असल्याचे सांगितले. मथळ्यांमध्ये उरलेले दहा टक्के गळून पडले.

११/
त्या दहा टक्क्यांचा तपास हार्वेलमध्येच झाला. बेसिल रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झीटातून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांची ऊर्जा वेगवेगळ्या दिशांनी मोजली. तर्क सरळ होता. संमीलन उष्णतेने होत असेल तर तप्त वायूतील केंद्रे सर्व दिशांना सारखीच धावत असणार. म्हणजे न्यूट्रॉनांची ऊर्जाही सर्व दिशांना सारखी भरली पाहिजे. मोजमापात तसे आढळले नाही. प्रवाहाच्या दिशेने निघालेले न्यूट्रॉन उलट दिशेच्या न्यूट्रॉनांपेक्षा अधिक ऊर्जेचे होते. म्हणजे ती मूठभर पळवलेल्या केंद्रांची करामत होती.

विशेष हे की हा तपास कोणा प्रतिस्पर्ध्याने केलेला नव्हता. ज्या संस्थेची प्रतिष्ठा पणाला लागली होती, तिच्याच शेजारच्या गटाने तो केला आणि संस्थेने तो दडपला नाही.

१२/
त्याची किंमत मोजावी लागली. हार्वेलची जगभर टिंगल झाली. झीटाच्या पाठोपाठ नियोजित असलेले पुढचे यंत्र १९६० मध्ये रद्द झाले. प्रांजळपणाला लगेच बक्षीस मिळते, असे या घटनेवरून म्हणता येणार नाही.

तरीही झीटा दहा वर्षे चालू राहिला आणि प्लाझ्माचे तापमान अंदाजाने नव्हे, थेट कसे मोजावे, याचे तंत्र तेथे घडले. लेसरचा किरण प्लाझ्मातून सोडायचा आणि विखुरलेल्या प्रकाशावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान काढायचे. १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपल्या ‘टोकामॅक’ यंत्रात एक कोटी अंशांच्या आसपास तापमान गाठल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्य जगाचा विश्वास बसेना. आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच मोजायला बोलावले.

१३/
शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश शास्त्रज्ञांचा एक छोटा चमू कित्येक टन वजनाची उपकरणे घेऊन मॉस्कोला गेला. १९६९ मध्ये त्यांनी मोजमाप प्रसिद्ध केले. सोव्हिएत दावा खरा होता. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या.

अकरा वर्षांपूर्वी मोजमापातच चुकलेल्या देशाच्या मोजमापावर आता जगाने विश्वास ठेवला, कारण चूक झाल्यावर त्याने मोजण्याची कला शिकून घेतली होती. झीटाला अपयश म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

१४/
टोकामॅकच्या उदयाने क्षणिक घावाची कल्पना मागे पडली, पण तिचे तंत्र दुसऱ्या दिशेने वाढत होते. ती दिशा अण्वस्त्रांची होती. ब्रिटनमधील ऑल्डरमास्टन येथील अण्वस्त्र संस्थेत जे. सी. मार्टिन, ज्यांना सारे चार्ली मार्टिन म्हणत, १९६० च्या दशकाच्या प्रारंभी एका अडचणीवर काम करत होते. बॉम्बचा गाभा स्फोटकांनी दाबला जात असतानाची क्ष-किरण छायाचित्रे त्यांना हवी होती. त्यासाठी अत्यंत तीव्र आणि अत्यंत क्षणिक झोत लागतो.

त्यांनी मार्क्स यांच्या कपॅसिटर-रचनेला ॲलन ब्लुमलाइन यांची विद्युतवाहिनी जोडली. ब्लुमलाइन हे रडारवर काम करणारे अभियंते. १९४२ मध्ये रडारच्याच चाचणीत विमान कोसळून ते मरण पावले. मार्क्स वीज साठवतो, ब्लुमलाइन ती धारदार करतो. पुढच्या बहुतेक यंत्रांचा पाया या जोडीवर उभा राहिला.

१५/
मार्टिन यांनी आपले अनुभव साध्या टिपणांच्या रूपाने इतर प्रयोगशाळांना मोकळेपणाने दिले. बॉम्ब गुप्त होता. पण तेल, पाणी आणि प्लॅस्टिक किती विद्युतदाब सहन करतात, हे ज्ञान वाटले गेले. ते अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील सँडिया प्रयोगशाळेत पोहोचले आणि तेथे मोठमोठी यंत्रे उभी राहिली.

१९७० च्या दशकात सँडियाने या झोतांनी संमीलन साधण्याचा विचार सुरू केला. मॉस्कोत लिओनिद रुदाकोव्ह हेच करत होते. १९७६ मध्ये रुदाकोव्ह अमेरिकेत आले आणि व्याख्यानांत त्यांनी आपली कल्पना फळ्यावर मांडली. ती अमेरिकेत गुप्त असलेल्या बॉम्बच्या ज्ञानाशी इतकी जुळत होती की अमेरिकी अधिकाऱ्यांनी व्याख्यानांतील आशयच गोपनीय ठरवला. सोव्हिएत पाहुण्याने उघड सांगितलेली गोष्ट अमेरिकी श्रोत्यांनी मात्र बोलायची नाही, असा तो प्रकार होता.

१६/
सँडियाची पहिली योजना इलेक्ट्रॉनांच्या झोताची होती. ती सोडून त्यांनी हलक्या आयनांकडे मोर्चा वळवला. डिसेंबर १९८५ मध्ये ‘पीबीएफए-२’ हे अवाढव्य यंत्र सुरू झाले. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले ३६ विभाग, मध्यभागी लक्ष्य. नावातच ‘कणझोत संमीलन त्वरक’ असा निर्धार होता. लिथियमच्या आयनांचा झोत वाटाण्याएवढ्या लक्ष्यावर एकवटायचा होता.

झोत फाकत राहिला. दहा वर्षे प्रयत्न झाले, सुधारणा झाल्या, तरी हवी तेवढी तीव्रता लक्ष्यावर मिळेना. आणखी पाच वर्षे आणि आणखी निधी मागणे सोपे होते. तसे करण्याऐवजी १९९६ मध्ये यंत्राचा गाभा बदलला गेला, आयन बाजूला ठेवले गेले आणि नावातून ‘संमीलन’ हा शब्दही कालांतराने गेला. उरले एक अक्षर: झेड.

१७/
हा बदल ज्यामुळे सुचला, तो शोध शेजारच्या ‘सॅटर्न’ या धाकट्या यंत्रावर लागला होता. तारांच्या पिंजऱ्यातून प्रवाह सोडला की तारांचा प्लाझ्मा होतो, चिमटा त्याला मध्यभागी आदळवतो आणि क्ष-किरणांचा लोट उठतो. टॉम सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्यातील तारांची संख्या वाढवत नेली. तारा जितक्या अधिक, तितका प्लाझ्मा एकसारखा आणि क्ष-किरण तितके प्रखर, असे दिसून आले.

हीच युक्ती मोठ्या यंत्रावर वापरली. केसाहून बारीक अशा शेकडो टंगस्टन तारा लावल्या. १९९८ पर्यंत झेडने २९० लाख कोटी वॉट शक्तीचे क्ष-किरण दिले. यंत्रात साठवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के क्ष-किरणांत उतरत होती. सहा दशकांपूर्वीचा चिमटा परत आला होता.

१८/
या आकड्यांनी डोळे दिपतात, म्हणून ते घरगुती मापाने मोजून पाहावेत. २००७ मधील नूतनीकरणानंतर झेडमध्ये सुमारे २.२ कोटी ज्यूल ऊर्जा साठते. विजेच्या बिलाच्या भाषेत ती जेमतेम सहा युनिटे होतात. एखाद्या मध्यमवर्गीय घराचा एक-दोन दिवसांचा वापर.

फरक वेळेचा आहे. ही सहा युनिटे भरायला मिनिटे लागतात आणि रिती व्हायला सेकंदाच्या सुमारे कोटीव्या भागाएवढा काळ. त्या क्षणापुरता सुमारे २.६ कोटी अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि जगातील सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित शक्तीहून अधिक शक्ती एका छोट्या पोकळीत उतरते. दोन्ही विधाने खरी आहेत. ज्या बातमीत दुसरे असते आणि पहिले नसते, ती बातमी अर्धीच असते.

१९/
आणि मग झेडवर न्यूट्रॉन दिसले. क्ष-किरणांनी ड्युटेरियमची दोन मिलिमीटरची कुपी दाबली असता हजारो कोटी न्यूट्रॉन निघाल्याचे २००३ मध्ये सँडियाने जाहीर केले. १९५८ ची परिस्थिती पुन्हा उभी राहिली होती. या वेळी मात्र घोषणेआधी रोझ यांचा प्रश्न विचारला गेला. न्यूट्रॉनांची ऊर्जा बाजूने आणि खालून, दोन्ही दिशांनी मोजली, ती जुळली.

शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. ड्युटेरियममध्ये त्यांनी मुद्दाम झेनॉन हा जड वायू मिसळला. झेनॉन उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो, त्यामुळे वायू थंड पडतो. न्यूट्रॉन उष्णतेतून येत असतील तर ते घटायला हवेत. संख्या एकदम कोसळली. स्वतःचा प्रयोग मुद्दाम बिघडवून त्यांनी आपला दावा सिद्ध केला.

२०/
२०१० मध्ये सँडियाचे स्टीव्ह स्लुट्झ आणि सहकाऱ्यांनी नवी रचना सुचवली. बेरिलियम धातूची छोटी नळी, तिच्यात ड्युटेरियम, बाहेरून चुंबकीय क्षेत्र, लेसरने आधी दिलेली ऊब आणि मग झेडचा घाव. ‘मॅगलिफ’ या नावाने ती ओळखली जाते. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे तीन कोटी अंश तापमान आणि दोन लाख कोटींपर्यंत न्यूट्रॉन.

येथेही तीच शिस्त पाळली गेली. चुंबकीय क्षेत्र आणि लेसर वगळून प्रयोग केले गेले. न्यूट्रॉन शेकडो पटींनी घटले. म्हणजे यश योगायोगाचे नव्हते. आणि तरीही मिळालेली संमीलन-ऊर्जा यंत्राला दिलेल्या ऊर्जेपुढे नगण्य आहे, हे शास्त्रज्ञांनी लपवले नाही. ‘कदाचित’ अजून संपलेला नाही.

२१/
या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की सत्तर वर्षे ‘कदाचित’ म्हणत सार्वजनिक पैसा खर्च करणे हा प्रांजळपणा नसून सोय आहे. याचे उत्तर पीबीएफए-२ च्या इतिहासात आहे. प्रांजळ माणूस केवळ शंका बोलून दाखवत नाही. मोजमाप विरुद्ध गेले की तो मार्ग सोडतो. जेथे मार्ग कधीच सोडला जात नाही, तेथे ‘कदाचित’ हा शब्द खरोखरच ढोंगी ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. झेडचा पोशिंदा संमीलन नव्हे, अण्वस्त्रे आहेत. सप्टेंबर १९९२ नंतर अमेरिकेने भूमिगत अणुचाचण्या थांबवल्या आणि साठ्यातील बॉम्बची विश्वासार्हता प्रयोगशाळेत तपासण्याची गरज निर्माण झाली. झेड प्रामुख्याने त्यासाठी चालतो.

२२/
हे सत्य आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा इतिहास सांगू नये. स्वच्छ ऊर्जेच्या कथेतून बॉम्ब वगळणे, हा किल्ल्याच्या वर्णनातून दारूकोठार वगळण्यासारखा प्रकार आहे. चार्ली मार्टिन यांना ग्रहांवरील ऊर्जेची चिंता नव्हती. त्यांना बॉम्बची छायाचित्रे हवी होती. दुसऱ्या बाजूला, मूळ हेतू संहाराचा होता म्हणून मोजमाप खोटे ठरत नाही. झेनॉनचा प्रयोग कोणाच्या पैशाने झाला, यावर न्यूट्रॉनांची संख्या अवलंबून नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरायला शिकले पाहिजे.

२३/
हे सारे आज महत्त्वाचे का? कारण घोषणांचा काळ परत आला आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील ‘निफ’ या लेसर-यंत्रात २०.५ लाख ज्यूल लेसर-ऊर्जेच्या बदल्यात ३१.५ लाख ज्यूल संमीलन-ऊर्जा मिळाली. ही ऐतिहासिक घटना होती. पण मिळालेली ऊर्जा एका युनिटाहूनही कमी होती आणि लेसर चालवण्यासाठी विजेच्या जाळ्यातून सुमारे ऐंशी युनिटे घेतली गेली होती. शास्त्रज्ञांनी हे सांगितले. अनेक मथळ्यांनी ते गाळले.

पल्स्ड पॉवरमध्येही खासगी भांडवल आले आहे. २०२४ मध्ये ‘पॅसिफिक फ्यूजन’ या अमेरिकी कंपनीने ९० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली. हा पैसा ठरावीक टप्पे गाठल्यावरच मिळत जाणार आहे. टप्पा खरोखर गाठला की नाही, हे कोण आणि कसे मोजणार, याकडे पाहायला हवे.

२४/
महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘काली’ हा इलेक्ट्रॉन त्वरक याच घराण्यातला आहे: मार्क्स यांची रचना, झोत धारदार करणारी वाहिनी आणि क्षणिक इलेक्ट्रॉन-झोत. सूक्ष्मलहरी आणि क्ष-किरण निर्माण करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. समाजमाध्यमांवर मात्र तो शत्रूची क्षेपणास्त्रे जाळणारे गुप्त अस्त्र म्हणून वर्षानुवर्षे फिरतो आहे. काही अभियंत्यांच्या चिकाटीची खरी गोष्ट त्या दंतकथेखाली गाडली गेली आहे. देशाभिमानाला दंतकथेची गरज पडू नये.

२५/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणाने संमीलनाच्या पुढच्या बातमीला तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय मोजले? कशाच्या तुलनेत? आणि दावा खोटा असता तर तो उघडा पाडणारा प्रयोग कोणता, तो केला का? १९५१ च्या अर्जेंटिनाकडे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. १९५८ च्या हार्वेलने ते चार महिने उशिरा दिले. २००३ च्या सँडियाने ते आधीच तयार ठेवले होते. या तीन तारखांमधली वाढ कोणत्याही यंत्राच्या अँपिअरमध्ये दिसत नाही. पण या क्षेत्राने खरोखर मिळवलेली सर्वांत पक्की गोष्ट तीच आहे.

जेम्स टक यांचे ‘कदाचित-यंत्र’ आता कोठे चालू नाही. त्याचे नाव मात्र संमीलनाच्या प्रत्येक नव्या यंत्रावर बारीक अक्षरांत लिहून ठेवावे, असे आहे.

(थ्रेड समाप्त)